जोहाराचं उत्तर

माझ्या वडिलांनी ‘जोहार’ हा शब्द कधीच सोडला नव्हता.

आमच्या विहाराच्या स्मरणिकेत वेगळं छापलं आहे. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी हा शब्द टाकला आणि मरेपर्यंत पुन्हा तोंडावर आणला नाही, असं तिथं लिहिलं आहे. ते खोटं आहे. छापणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही, कारण ती माहिती त्यांना मीच दिली होती. आता माझं वय झालं. कोणी रागावलं तरी माझं काय बिघडणार आहे? हे ज्यांना आवडणार नाही ते लोक मला माहीत आहेत. त्यातले निम्मे माझ्याच घरात जेवतात.

जोहार म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं, ही चांगली गोष्ट आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी पाटलाला, पटवाऱ्याला, वाटेत भेटेल त्या पागोटेवाल्याला करायचा तो नमस्कार. महारानं रामराम म्हणायचा नाही, जोहार म्हणायचा. पायातलं हातात घ्यायचं, कमरेत वाकायचं, उजवा हात मातीला लावून कपाळाला न्यायचा आणि म्हणायचं, “जोहार मायबाप.” समोरचा उत्तर देत नसे. दिलंच तर हुंकार. दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि हा नमस्कारही बंद केला. उत्तम केलं. ती वेळ पुन्हा आली तर मीही तेच करीन, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, म्हातारा फिरला.

वडील गावचे कोतवाल होते. दवंडी देणं, साहेब आला की त्याची पेटी घेऊन पुढं चालणं, चावडीत बोलावणी पोचवणं ही त्यांची कामं. त्यांचा आवाज असा की गावात दवंडी दिली तर नदीपलीकडच्या वाडीतले लोक कामाला लागत. दीक्षेच्या वेळी ते नागपूरला पायी गेले होते. परत येऊन त्यांनी घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. ढोराला पुन्हा हात लावला नाही. पण जोहार मात्र जाईना. कोणी समोर आलं की तो आपोआप निघे, आणि आमच्या मोहल्ल्यातली पोरं त्यांची थट्टा करत.

“काऊन बा, अजून जोहारच करून राह्यला का?”

“जीभ आहे बाबू,” ते म्हणत. “ढोर थोडीच आहे, दावं सोडलं की निघून जाईन?”

पोरं हसत. मी हसत नसे. मला वडिलांची लाज वाटे.

मी मॅट्रिक झालो आणि हिवतापाच्या कामावर लागलो. गावोगाव फिरायचं, ज्याला ताप आहे त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे थेंब घ्यायचे, गोळ्या द्यायच्या, घराच्या भिंतीवर तारीख लिहायची आणि काचपट्ट्या तपासणीला पाठवायच्या. गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्यापासून नुकताच वेगळा झाला होता. माझी नेमणूक अहेरीच्या पलीकडं, आलापल्लीहून भामरागडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला माडिया आदिवासींच्या एका गावात झाली. गावात मला कुडाची एक खोली मिळाली. समोर मोहाचं झाड.

शब्दांचा नाद मला याच नोकरीत लागला. ‘हिवताप’ हाच पहिला. हिव म्हणजे थंडी, आणि तो शब्द हिम या शब्दातून आला, म्हणजे बर्फातून. ज्या मुलखात बर्फ कोणी पाहिला नाही तिथं लोक बर्फाच्या नावाचा ताप घेऊन कुडकुडत होते. मला याची गंमत वाटली. चांद्याला जटपुरा गेटजवळ एका रद्दीवाल्याकडं पुठ्ठे गेलेला एक जाडजूड शब्दकोश मिळाला. तो बांधून घ्यायला मी एका बाइंडरकडं गेलो. मुसलमान म्हातारा, अरुंद गल्लीत दुकान, हातांना कायम खळीचा वास. त्याचा आजा बुंदेलखंडातून आला होता. कचेरीच्या कामानं चांद्याला गेलो की त्याच्याकडं चक्कर ठरलेली.

“आओ भाऊ,” तो म्हणे. “आज कोणता लफ्ज पकडून आणला?”

माझ्यासाठी हा नुसता छंद नव्हता. लहानपणी मला शब्द दगडासारखे लागले होते. दगड कुठल्या डोंगरातून निघाला, कोणी फोडला, कोणाच्या हातातून आला, हे कळलं की त्याचं वजन कमी होतं असा मला अनुभव येत होता. जो शब्द खुपत असेल तो मी कोशात काढून बघे. फक्त एक शब्द काढत नव्हतो. ‘ज’चं ते पान मी अंगठ्याखाली दाबून पुढं जाई.

आई गेली आणि मी वडिलांना माझ्याकडं घेऊन आलो. आणताना एसटीतच बजावलं. आपल्या लोकांना जय भीम, बाकीच्यांना नमस्कार. तिसरं काही नाही.

“आन् चुकून निंगालं तर?”

“तर बोलूच नका.”

त्या गावात पोचल्यावर पहिल्याच सकाळी गावचा गायता भेटायला आला. गायता म्हणजे गावाचा पुजारी आणि म्होरक्या, दोन्ही. उंच, वाळका, खांद्यावर कुऱ्हाड. तो खोलीसमोर ताठ उभा राहिला, वडिलांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “जोहार, दादा.”

वडिलांनी आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाईनं म्हणालो, “नमस्कार, नमस्कार.” गायत्यानं ते चालवून घेतलं. त्या गावात सगळेच एकमेकांना जोहार म्हणत. लहान मोठ्याला, मोठा लहानाला, बाई पुरुषाला. जोहार झाल्याशिवाय तिथं काही सुरूच होत नसे. ना ताडी पिणं, ना सोयरीक, ना भांडण. आणि जोहाराला उत्तर द्यावंच लागे. उत्तर न देणारा माणूस समोरच्याला माणसात धरत नाही, असा त्याचा अर्थ. मी मात्र पहिल्यापासून नमस्कारच म्हणत आलो होतो. ही साहेबाची बोली असेल असं समजून त्यांनी मला सोडून दिलं होतं.

मग एक दिवस तालुक्याचे डॉक्टर जीपनं तपासणीला आले. त्या दिवशी मी गाव गोळा केलं होतं. बायका-माणसं मोहाखाली रांगेनं बसलेली, गायता सगळ्यांत पुढं. डॉक्टर जीपमधून उतरले आणि वडील झाडाखालून उठले. मला कळायच्या आत ते कमरेत वाकले, हात मातीला लावला, कपाळाला नेला.

“जोहार मायबाप.”

डॉक्टरांचं लक्षही नव्हतं. ते पाण्याचा माठ शोधत होते. पण माझ्या डोक्यात पाटलाची ओसरी, पटवाऱ्याची काठी, शाळेतली पोरं, सगळं एकदम उसळलं.

“किती वेळा सांगितलं तुम्हाला!” मी ओरडलो.

“जोहारच तं केला, बाबू.”

“नाही म्हणायचं जोहार! इथं कोणी म्हणायचं नाही! म्हणायचा असेल तर गावाले चालले जा आणि वाका त्या पाटलाच्या दारात!”

वडील खाली बसले. रांगेतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हती. पण जोहार हा शब्द, माझं रोखलेलं बोट आणि म्हाताऱ्याची खाली गेलेली मान, एवढं कळायला मराठी लागत नाही. डॉक्टर पाणी पिऊन म्हणाले, “जाऊ द्या हो, वय झालंय.” जीप गेली.

पुढच्या फेरीला मी सुया उकळून, काचपट्ट्या पुसून निघालो. पहिल्या घराशी बाई दारात उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हातारा चिलीम ओढत होता, त्यानं तोंड फिरवलं. कोणी रागावलं नाही, शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त गावातला एकही माणूस मला जोहार म्हणाला नाही आणि एकानंही बोट पुढं केलं नाही.

त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं की अंधश्रद्धेमुळे लोक रक्त देण्यास नकार देतात. कचेरीनं ते तात्काळ मान्य केलं. माडिया म्हटलं की हे वाक्य त्यांच्याकडं तयारच असायचं, मी फक्त जागा भरली. तेव्हा आज पहिली दुरुस्ती: त्या गावात रक्ताबद्दल कसलीही अंधश्रद्धा नव्हती. आधी रांगेनं बोटं देत होते ते लोक. त्यांचा नकार मला होता आणि तो रास्त होता.

घरातही तसंच चाललं होतं. वडील बोलेनासे झाले. भात शिजवत, अंगण झाडत, माझी सायकल पुसून ठेवत, पण तोंडातून शब्द नाही. मी विचारलं की मान हलवत. ज्या माणसाची दवंडी नदी ओलांडून जायची तो माणूस खोकतानाही तोंडावर पंचा धरू लागला. सुरुवातीला मला वाटलं, रुसले आहेत, येतील वळणावर. नंतर भीती वाटू लागली. म्हातारा असाच मुका मरेल आणि मी दिलेला दमच आमच्यातलं शेवटचं बोलणं ठरेल, अशी ती भीती होती.

पावसाळा सरता सरता ताप आला. गायत्याच्या बायकोला भरला. तिला बाजेवर घालून चौघांनी हेमलकशाच्या दवाखान्याकडं नेलं. वाट माझ्या दारावरून होती. माझ्याकडं गोळ्यांचा डबा भरलेला होता आणि बाज दारासमोरून गेली. कोणी थांबलं नाही. वडील उंबऱ्यात उभे होते. बाज वळणाआड गेल्यावर त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

बायको वाचली. गायता परत आला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. तो बांबू सोलत बसला होता.

“दादा, माझं काय चुकलं? गोळ्या माझ्याजवळ होत्या.”

तो सोलतच राहिला. “तू म्हातारा माणसाले जोहार बोलू देत नाई.”

“ते आमच्या घरचं आहे. तुम्हाला नाही कळणार.”

“तू बोलला, इथं कोणी बोलायचं नाई. आमी तं जोहारच बोलतो. मंग तुझ्यासंग काय बोलाव? बिना बोलता हात कसा देऊ?” मग त्यानं सुरी बाजूला ठेवली. “बैल पण हुंगून घेते सायेब, मंग जुवात मान देते.”

मी त्याला आमच्या जोहाराची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. पाटील, ओसरी, हातातलं पायताण. त्यानं शांतपणे ऐकलं. शेवटी विचारलं, “मंग पाटीलले बोल ना. बापाले काऊन बोलते?”

त्याच आठवड्यात काचपट्ट्या घेऊन चांद्याला जायचं होतं. नेण्यासारख्या काचपट्ट्या शेजारच्या गावांच्याच होत्या. काम उरकून मी बाइंडरकडं गेलो. तो नेहमीसारखं म्हणाला, “कोणता लफ्ज?” या वेळी मी तो शब्द सांगून टाकला.

“जोहार? म्हणजे जुहार?” त्यानं खळीची वाटी खाली ठेवली. “अरे भाऊ, हमारे दादा के मुल्क में ठाकूर ठाकूरला जुहार करत होता. घोड्यावरून उतरून, गळ्यात गळा घालून. राजेलोकांचा सलाम आहे तो. तुमच्याकडं कोणी वाकवला त्याला?”

मी घरी येऊन कोशातलं ते पान उघडलं. लोक या शब्दाची मुळं तीन-चार ठिकाणी शोधतात. कोणी जयकारात, कोणी योद्ध्यात, कोणी आणखी कशात. खरं कुठलं हे मला आजही माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. कुठल्याही मुळाशी वाकलेला माणूस नव्हता. माडियाचा जोहार ताठ होता, ठाकुराचा ताठ होता. वाकणं आमच्या गावात वरून चढवलेलं होतं. शब्दाला पाठ नसते. पाठ आमची वाकवली होती आणि मी मार शब्दाला देत होतो. शब्दाला तरी कुठं, तो ज्याच्या तोंडात होता त्या माणसाला.

संध्याकाळी वडील चुलीपाशी होते. मी कोश मांडीवर घेऊन बसलो आणि वाचलेलं, ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. ठाकूर, घोडा, जयकार. चांगलं लांबलचक सांगितलं. ते लाकूड सारत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं.

“मंग आता बोलू का?”

हे चार शब्द मी अजून कोणालाही सांगितले नव्हते. ‘हो, बोला’ म्हणणं सोपं होतं. पण तीही परवानगीच झाली असती. आता मी त्यांना परवानगी देणारा पाटील झालो होतो. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी कोणाला तरी नमस्कार म्हणून उच्चारला.

“जोहार, बा.”

म्हातारा बघत राहिला. मग त्याच्या मिशीचं टोक हललं.

“असा नाई. मान वर करून बोल. चोर असल्यासारखा काऊन बोलतं?”

मी मान वर करून पुन्हा म्हणालो.

“जोहार, बाबू,” ते म्हणाले. आणि लगेच, “भात लागला पाय तुझ्या पुराणापायी.”

त्यानंतर त्यांनीच विचारलं, “त्या पुस्तकात आनखी काय काय आहे? कोतवाल आहे का?”

मी शोधून सांगितलं. कोतवाल म्हणजे मुळात कोटपाल, कोटाचा राखणदार, किल्ला सांभाळणारा. त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “कोट? आपल्या गावाले कुंपणबी धड नव्हतं. पाटलाच्या बकऱ्या हाकलता हाकलता जिंदगी गेली माही, आन् म्हणे किल्लेदार!” पण दुसऱ्या दिवशी ते अंगण झाडताना ताठ उभे राहत होते हे मी पाहिलं आहे.

सकाळी आम्ही दोघं गायत्याच्या घरी गेलो. यावेळी मी आधी बोललो. “जोहार, दादा.” गायत्यानं मला उभं ठेवलं. सगळं अंगण बघत होतं. तो वडिलांकडं वळून म्हणाला, “सायेबाची जीभ बरी झाली वाटते. कोणती गोळी दिली?”

“कडू होती,” वडील म्हणाले. “दोघायनंबी घेतली.”

मग गायत्यानं मला उत्तर दिलं, जोहार म्हणाला आणि डाव्या हाताचं बोट पुढं केलं. त्याला ताप नव्हता. तरी मी रक्त घेतलं, कारण ते बोट तपासणीसाठी पुढं आलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या फेरीच्या आदल्या दिवशी वडील गावात दवंडी देऊ लागले. हाती डफ नाही, काठी नाही, नुसता गळा. “जोहार हो! उद्या सुईवाला येऊन राह्यला हो! ताप असन त्यानं घरी राहा हो!” गायता मागून माडियात तेच सांगे. पुढच्या वर्षी कचेरीनं माझ्या भागाचं काम चांगलं म्हणून मला हार घातला, मी तो घालून घेतला आणि वडिलांचा उल्लेख केला नाही. ही दुसरी दुरुस्ती.

मनातला सल तरी गेला नव्हता. एकदा मी कोशात ‘अपराध’ काढला. त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. ज्याचा बाण लक्ष्याला लागला नाही त्या धनुर्धराला जुन्या संस्कृतात याच धातूवरून नाव होतं. ज्या गावात घरोघर धनुष्य टांगलेलं, तिथं हे समजायला वेळ लागला नाही. माझा राग खोटा नव्हता. बाण चांगला होता, ताण बरोबर होता. नेम पाटलाच्या ओसरीवर होता आणि लागला बापाला. मी ते वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग उचल बाण. चांगलं लाकूड वाया काऊन घालवतं?”

मी तो उचलला. आजही माझ्या हातात आहे. शब्दाच्या मुळाशी जाऊन माणूस बरा होतो का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन की जखम भरत नाही, पण बाण कोणाचा आणि कोणासाठी होता हे कळतं. नंतर माणूस भलत्यालाच मारत सुटत नाही. एवढं पुष्कळ आहे.

इथंच गोष्ट संपली असती तर मला स्मरणिकेत खोटं सांगावं लागलं नसतं.

ऐंशीचं दशक सरायच्या आत वडील गेले. शेवटी त्यांना गावी आणलं होतं, तिथंच गेले. सगळा समाज जमला. त्रिशरण, पंचशील झालं. अंत्ययात्रा नदीवर पोचली आणि वडिलांचं काही खरं नाही हा निरोप ऐकून एसटी बदलत बदलत आलेला गायता गर्दीच्या कडेला दिसला. सोबत त्याच्या गावातले दोघं. तो पुढं आला, चितेसमोर ताठ उभा राहिला आणि वडिलांना म्हणाला, “जोहार, दादा.” मोठ्यानं. मग माझ्याकडं वळला.

“जोहार.”

गर्दीत कुजबुज झाली. “हे कोण? इथी जोहार काऊन?” आमच्या तरुण मंडळाचं पोरगं दातओठ खाऊन बघत होतं. माझ्यावर सगळ्यांची नजर. उत्तर द्यायला एक शब्द पुरे होता, आणि तो कसा म्हणायचा हे मला वडिलांनी चुलीपाशी शिकवलं होतं.

मी म्हणालो, “नमस्कार.”

गायता थोडा वेळ थांबला. मी चुकून बोललो असेन, दुरुस्त करीन, म्हणून थांबला असावा. मग सोबत्यांना घेऊन निघाला. जेवला नाही, पाणी प्यायला नाही. पुढं माझी बदली भद्रावतीकडं झाली आणि मी त्या गावात पुन्हा पाय ठेवला नाही. बऱ्याच वर्षांनी स्मरणिकेसाठी पोरांनी वडिलांची माहिती मागितली, तेव्हा तो नमस्कार झाकायला मी ते वाक्य दिलं.

हे लिहितो आहे असं कळल्यावर विहाराचा आताचा अध्यक्ष घरी येऊन गेला. चांगला मुलगा आहे.

“काका, कशाला उकरता? विरोधक म्हणतील, बघा, म्हाताऱ्यांना गुलामीच आवडत होती.”

“म्हणू दे,” मी म्हणालो. “त्यांना वाचता येत असेल तर शेवटपर्यंत वाचतील.”

“मग निदान एक माफीचं वाक्य टाका. विषय संपतो.”

विषय संपतो, म्हणूनच टाकणार नाही. माफीचं मूळ मला त्या बाइंडरनं कधीच सांगितलं होतं. अरबी शब्द आहे. वारा वाळूवरची पावलं पुसतो, तसं पुसून टाकणं त्याच्या मुळाशी आहे. मला काही पुसायचं नाही. पुसापुशी मी खूप केली. वडिलांचा शब्द पुसला, गायत्याचा पुसला, स्मरणिकेत शाईनं पुसला. आता पावलं दिसू द्या, वाकलेलीही आणि ताठही. माझे वडील धम्मात गेले, देव सोडले, ढोरं सोडली आणि शेवटची वर्षं रोज सकाळी मान वर करून जोहार म्हणत जगले. या दोन गोष्टी एका माणसात मावतात. ज्यांना मावत नाहीत त्यांनी आपलं भांडं मोठं करावं.

साक्ष या शब्दात डोळा आहे. डोळ्यांसह, एवढाच त्याचा अर्थ. त्या चुलीपाशी आम्ही दोघंच होतो, त्यातला एक गेला. चितेपाशी शंभर माणसं होती, पण गायता कशासाठी थांबला होता हे मला एकट्याला माहीत होतं. तो आता असेल असं वाटत नाही. असला तरी त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून वडिलांच्या पुढच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मृतिदिनी, हे मी विहारात उभा राहून वाचणार आहे, वडिलांच्या आवाजाच्या जवळपास जाईल एवढ्या मोठ्यानं. ज्यांना उठून जायचं त्यांनी शेवटच्या ओळीच्या आधी जावं, कारण ती ओळ त्यांच्यासाठी नाही. ते उत्तर आहे, आणि त्याला फार उशीर झाला आहे.

जोहार, दादा.